कोरियात जेवताना, सणाला, मयताला: कन्फ्यूशियसचं काय आणि बुद्धाचं काय?

रानजाई

चाकण, रांजणगाव, तळेगाव भागातल्या कोरियन कंपन्यांमधून सहा महिने-वर्षभरासाठी तिकडे जाणारे बरेच जण आहेत. निघण्याआधी हातात जे टिपण मिळतं त्यात 'कोरियन संस्कृतीवर कन्फ्यूशियस आणि बौद्ध विचारांचा खोल प्रभाव आहे' असं एक वाक्य असतं. त्याखाली 'वाकून नमस्कार करावा, वस्तू दोन्ही हातांनी द्यावी' एवढंच. प्रत्यक्षात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी:

१) सहकाऱ्याचे वडील गेले आणि सगळं खातं भेटायला निघालं, तर तिथे नेमकं काय करायचं?
२) छुसोक या सणाला कुणी घरी बोलावलं तर सकाळची ती पूजा नक्की काय असते? आपण कुठे उभं राहायचं?
३) जेवणाच्या आणि पिण्याच्या रीतींमागचं कारण काय? कारण कळलं की रीत लक्षात राहते.
४) देवळात, म्हणजे बौद्ध मंदिरात, गेल्यावर काय पाळायचं? तिथलं जेवण खरंच शाकाहारी असतं का?

आणि यातलं कन्फ्यूशियसचं काय, बुद्धाचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

सोनटक्का

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल, कारण जेवणाच्या बऱ्याच रीती समजतात त्या पितरांच्या ताटावरून.

कन्फ्यूशियन घरातला मुख्य विधी म्हणजे जेसा, आपल्या श्राद्धासारखा. मृत्युतिथीला होतो तो गिजेसा. सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसोक (आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा) या दोन सणांना सकाळी होतो तो छारये. आपल्याकडे वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या धरतात, तिथे परंपरेने चार. छुसोक बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, म्हणजे पितृपक्षाच्या अगदी उंबरठ्यावर. अधिक महिन्यांची गणितं जुळली नाहीत की तो पुढे सरकतो. २०२५ साली तो कोजागिरीला आला होता.

मांडणी अशी. मागे घडीचा पडदा, त्याच्यापुढे टेबल. पडद्याची बाजू 'उत्तर' मानायची, खरी दिशा कुठलीही असो. मग पूजा करणाऱ्याचा उजवा हात पूर्व, डावा पश्चिम. पडद्याजवळ पूर्वजाच्या नावाची साधारण २२ सेंटिमीटर उंच, ६ सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी (जिबांग), ती विधी संपल्यावर जाळतात. पडद्याकडून आपल्याकडे पाच ओळी: पहिलीत भात, रस्सा आणि मद्याचा पेला, दुसरीत भाजलेलं मांस, मासे आणि पिठात घोळून तळलेलं 'जॉन', तिसरीत घट्ट रस्से, चौथीत डावीकडे सुकं मांस किंवा सुकी मासळी, उजवीकडे तांदळाचं गोड सिख्ये, मध्ये पालेभाज्या, पाचवीत फळं. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. माशाचं डोकं पूर्वेकडे. पीच ठेवत नाहीत, कारण पीचने आत्मे पळतात अशी समजूत. त्याच कारणाने लाल तिखट आणि लसूणही टाळतात.

आता गिजेसाचा क्रम. उदबत्ती किंवा धूप लावून आत्म्याला बोलावतात, वाळू आणि गवत असलेल्या वाडग्यात मद्य तीनदा थोडं थोडं ओततात. सगळे दोनदा दंडवत घालतात. मग मद्याचे तीन अर्घ्य, पहिल्यानंतर निवेदन वाचतात. नंतर शेवटच्या पेल्यात वरून थोडी भर घालतात, भाताचं झाकण काढून त्यात चमचा उभा खोचतात, खोलगट बाजू पूर्वेकडे. मग दार लावून सगळे बाहेर थांबतात, म्हणजे पितरांनी निवांत जेवावं. आत येताना घसा खाकरायचा. रस्सा उचलून त्याजागी पाणी ठेवतात, चमचा काढतात, दोन दंडवतांनी निरोप, पट्टी जाळायची. मग तेच अन्न सगळे मिळून खातात, त्याला उम्बोक म्हणतात. हे खाणं विधीचाच भाग आहे, तेव्हा नको म्हणू नये. अगदी थोडं घेतलं तरी चालतं.

छारये याहून सुटसुटीत: अर्घ्य एकच, निवेदन नाही. भाताऐवजी छुसोकला सोंगप्यॉन, सॉल्लालला त्तॉक्गुक (तांदळाच्या वड्यांचा, म्हणजे त्तॉकचा, रस्सा). सोंगप्यॉन बघून मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. तांदळाच्या पिठीवर कढत पाणी घालून मळलेली उकड, आत तीळ-साखर, डाळ किंवा चेस्टनट, अर्धचंद्राचा आकार, आणि पाइनच्या पानांवर वाफवायचं. हळदीच्या पानावरचे मोदक आठवतील. फरक असा की वाफवल्यावर ते गार पाण्यातून काढून तिळाचं तेल चोळतात, नाहीतर एकमेकांना चिकटून पारी फाटते.

आता जेवणाच्या रीती वाचा. भातात चमचा किंवा काड्या उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतासाठी आहे. अर्धा भरलेला पेला वरून भरू नये, रिकामा होईपर्यंत थांबावं. तेही मृतासाठी आहे. जिवंत माणसासमोर भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. पितरांच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबर उलटं मांडलेलं असतं. जिवंत वडीलधाऱ्याला एक दंडवत, मृताला दोन. टेबलावर काही उलट दिसलं की ते तिकडच्या माणसाला थेट मयताची आठवण करून देतं, म्हणूनच एरवी सगळं माफ करणारी आजी चमच्याच्या बाबतीत पटकन हात धरते.

बाकीच्या रीती वडील-धाकटे या क्रमाच्या. कन्फ्यूशियन पाच नात्यांपैकी हे एक नातं, नाव जांग्यू-यूसॉ. सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय सुरुवात करायची नाही, तो उठण्याआधी उठायचं नाही. बाटली दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताने धरून डावा हात मनगटाखाली. स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायचं नाही. मोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवून प्यायचं. न पिणाऱ्याने पेला दोन्ही हातांनी घ्यावा, ओठाला लावून खाली ठेवावा. पेला घ्यायलाच नकार दिला तर तो नकार दारूला आहे की माणसाला, हे समोरच्याला कळत नाही.

छुसोकला पाहुण्याने विधीच्या वेळी मागे, दाराच्या बाजूला उभं राहावं. दंडवत घालायचा आग्रह नसतो. पडदा आणि टेबल यांच्या मधून जायचं नाही, आणि यजमानाने 'घ्या' म्हटल्याशिवाय त्या टेबलावरचं काही उचलायचं नाही. भेट म्हणून फळांची पेटी चालते.

---

गारगोटी

पहिला प्रश्न माझ्याकडे. मयताला जायचं म्हणजे घरी नव्हे. बहुतेक अंत्यविधी इस्पितळाला जोडलेल्या शोकगृहात (जांगन्येसिक्जांग) होतात. तीन दिवस चालतात आणि मृत्यूचा दिवस पहिला धरतात. रात्री बारा वाजण्याच्या थोडं आधी मृत्यू झाला तरी तो पहिला दिवस संपलेला असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जाऊन येणं सगळ्यात बरं. तिसऱ्या दिवशी पहाटेच पार्थिव हलवतात.

कपडे काळे किंवा गडद. बूट काढून आत जावं लागतं, तेव्हा मोजे हवेतच, गडद आणि न फाटलेले. अनवाणी पाय तिथे खटकतात. आपल्याकडे पांढरा रंग नेसतात, तो तिथे परक्या पाहुण्याने नेसू नये.

क्रम:

दाराशी वहीत नाव लिहून पैशाचं पाकीट द्यायचं. पाकीट पांढरं, दर्शनी बाजूला 'बूई' अशी छापील अक्षरं असतात, ती तिथेच मिळतात. आपलं नाव मागच्या बाजूला डावीकडे खाली उभं लिहायचं, शेजारी कंपनीचं नाव. आकडा विषम: ३०, ५० किंवा ७० हजार वॉन, आणि त्यानंतर थेट एक लाख. साध्या ओळखीला पन्नास हजार, रोजच्या सहकाऱ्याला लाख ही सर्वसाधारण रीत. चाळीस हजार कधीच नाही, कारण चार या आकड्याचा उच्चार आणि मृत्यू या शब्दाचा उच्चार एकच, 'सा'.

आत फोटोसमोर पांढरं शेवंतीचं फूल ठेवायचं, किंवा उदबत्ती लावायची. दोन्ही करायची गरज नाही. उदबत्तीची ज्योत तोंडाने फुंकायची नाही, हाताने वारा घालून विझवायची. एक किंवा तीन.

मग दोन पूर्ण दंडवत: गुडघे टेकून, हात एकावर एक ठेवून, कपाळ हातांपर्यंत. उठून कमरेतून हलकं वाकायचं. त्यानंतर बाजूला उभ्या असलेल्या मुख्य शोककर्त्याकडे (सांगजू) वळून एकमेकांना एकच दंडवत. घर प्रोटेस्टंट असेल तर दंडवत नसतो, मान खाली घालून क्षणभर उभं राहायचं. कळत नसेल तर पुढच्या माणसाकडे पाहावं. हात कसे जोडायचे तेही ठरलेलं आहे: एरवी पुरुषाचा डावा हात वर, बाईचा उजवा. मयताला उलटं, पुरुषाचा उजवा वर, बाईचा डावा.

बोलायचं थोडं. 'कसे गेले', 'वय काय होतं', 'आजार होता का' हे विचारू नये. हा आपला नेहमीचा मराठी सांत्वनाचा मार्ग तिथे उद्धट ठरतो. 'आन्न्यॉंग हासेयो' हा रोजचा नमस्कारसुद्धा तिथे नको. काहीही न बोलता वाकलं तरी पुरतं.

मग जेवणाच्या खोलीत बसायचं. यूक्केजांग म्हणजे गोमांसाचा तिखट रस्सा, भात, उकडलेलं डुकराचं मांस, त्तॉक, शेंगदाणे. शाकाहारी माणसाने त्तॉक आणि शेंगदाणे घेऊन बसावं, पण बसावं. जेवणाची खोली रिकामी राहिली तर शोक करणाऱ्या घराच्या मनाला लागतं. पेले एकमेकांवर आपटायचे नाहीत.

---

पिंपळपान

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण दोन्हींत बुद्ध जवळजवळ नाही, आणि ते साहजिक आहे. जोसॉन राजवट (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन होती. तिने विहारांच्या जमिनी काढून घेतल्या, विहार शहरांतून उठवले, आणि भिक्षूंना राजधानीत पाऊल ठेवायला बंदी केली. ती बंदी उठली १८९५ साली. म्हणून आजही जुनी मंदिरं डोंगरात आहेत. ज्या सात पर्वतीय मंदिरांना २०१८ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यांत थोंगदोसा, बॉप्जूसा, मागोक्सा ही आहेत. बुद्धधर्म मात्र त्याच्या हजार वर्षं आधीपासून, गोगुर्यॉ या जुन्या राज्यात ३७२ साली, येऊन मुरलेला होता. तो दिवाणखान्यातून हद्दपार झाला तरी दोन ठिकाणी टिकला: मृत्यूनंतरच्या वाटेवर आणि बोलण्यात.

मृत्यूनंतर दर सातव्या दिवशी एक असे सात विधी मंदिरात होतात, शेवटचा एकोणपन्नासाव्या दिवशी. नाव सासिप्कूजे. मरण आणि पुढचा जन्म यांच्या मधल्या अवस्थेला संस्कृतात अंतराभव म्हणतात, ती जास्तीत जास्त ४९ दिवसांची असा हा हिशेब. इथे एक चूक कोरियन लोकही करतात. या 'जे'चं अक्षर आणि जेसामधल्या 'जे'चं अक्षर वेगवेगळं. जेसातला 'जे' म्हणजे पितरांना अर्पण. मंदिरातला 'जे' म्हणजे उपवास-शुद्धीतून पुण्य मिळवून ते मृताच्या नावे करणं. एकात पितर जेवतात, दुसऱ्यात त्यांच्या पुढच्या जन्माची सोय होते. तात्त्विकदृष्ट्या दोन्ही एकत्र बसत नाहीत, कारण ४९ दिवसांत पुढचा जन्म झाला असेल तर दरवर्षी जेवायला येतो कोण? तरी कितीतरी घरांत दोन्ही होतं, आणि मला यात विसंगतीपेक्षा माया जास्त दिसते.

शब्द पाहा, आपल्याला ते थेट ऐकू येतात. 'छाल्ला' म्हणजे अगदी थोडा वेळ: आपला क्षण. 'ग्यॉप' म्हणजे अतिदीर्घ काळ: कल्प. 'सारी' म्हणजे दहनानंतरचे धातू-अवशेष: शरीर. 'गॉन्दाल' म्हणजे रिकामटेकडा गुंड, आणि मूळ गंधर्व! गाणं-बजावणं करत हिंडणारा, म्हणून कामधंदा नसलेला. 'आबी-ग्यूह्वान', रस्त्यावरच्या भीषण गोंधळाला वर्तमानपत्रं वापरतात तो शब्द: त्यातला 'आबी' म्हणजे अवीची नरक. मंदिरात येणाऱ्या बायकांना 'बोसाल' म्हणून हाक मारतात, बोधिसत्त्वावरून. 'सोन' म्हणजे ध्यान, चीनमधून फिरून आलेलं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सोलच्या बोसिन्गाकमधली घंटा ३३ वेळा वाजते, तो आकडा इंद्राच्या त्रायस्त्रिंश स्वर्गाचा.

महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकांसाठी एक सूचना. तिथे बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेला नसते, ती चौथ्या चांद्र महिन्याच्या आठव्या तिथीला. १९७५ पासून सुट्टी आहे. कंदिलांची मिरवणूक (योंदुंग्होए) २०२० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. वंदनेत पाली ऐकू येणार नाही, चिनी अक्षरांचा कोरियन उच्चार असतो. मंदिरात आंबेडकरी वळणाचं काही शोधू नये, महायानी देवालय म्हणूनच पाहावं.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार, हे छापून ठेवण्यासारखं आहे. दोन शंका.

सोनटक्का, जेसा हाही मृतांचाच विधी. मग तिथेही पुरुषाने उजवा हात वर ठेवायचा का? गारगोटींच्या प्रतिसादावरून तसं वाटतं.

आणि चौथा प्रश्न राहिला: मंदिरात काय पाळायचं, काय खायचं?

---

गारगोटी

चांगलं विचारलंत, माझ्या लिहिण्यात ते सुटलं. जेसाला हात उलटे करायचे नाहीत. पुरुषाचा डावाच वर. जेसा हा मंगल विधी मानतात, कारण घरचे वडील जेवायला येतात. उलटं फक्त शोककाळात. आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात, त्यामुळे मराठी माणसाची ही चूक हमखास होते.

जेसाच्या वेळेबद्दलही तसाच घोळ आहे. जुन्या रीतीने तो मृत्युतिथी लागताच, म्हणजे आदल्या रात्री अकरा ते एकच्या दरम्यान, होत असे. म्हणून लोक आदल्या दिवशी जमायचे. आता उशिरापर्यंत जागणं नको म्हणून संध्याकाळी आठ-नऊला करतात, पण जुन्या सवयीने आदल्याच संध्याकाळी. तेव्हा तिथी लागलेलीच नसते. संध्याकाळी करायचा तर मृत्युतिथीच्याच संध्याकाळी करावा.

---

कोथिंबीर

मंदिराचं आणि जेवणाचं मी लिहिते.

मुख्य दालनाला समोर मधलं दार असतं, ते वरिष्ठ भिक्षूंसाठी. आपण बाजूच्या दाराने जायचं, चपला टोकं बाहेर करून ठेवायच्या. मूर्तीसमोरच्या मधल्या पट्ट्यात उभं राहायचं नाही. उदबत्ती आधीच जळत असेल तर दुसरी लावायची गरज नाही. दंडवत तीन. दोन्ही गुडघे, दोन्ही कोपरं आणि कपाळ अशी पाच अंगं जमिनीला. कपाळ टेकल्यावर तळवे वर वळवून कानाच्या उंचीपर्यंत उचलायचे. तिसऱ्या दंडवतानंतर लगेच उठायचं नाही. डोकं थोडं उचलून हात जोडायचे, पुन्हा टेकायचं, मग उठायचं. जिवंताला एक, मृताला दोन, बुद्धाला तीन, असं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. मुख्य दालनाच्या मागे चढावर एक छोटी देवळी दिसेल, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि वाघ. तो डोंगराचा देव, बुद्धाच्या आधीपासूनचा. विहाराने त्याला आवारात घेतलं.

मंदिरातल्या मुक्कामाला टेम्पलस्टे म्हणतात, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकापासून ते सुरू झालं. त्यात बहुतेक ठिकाणी १०८ दंडवत असतात. गुडघे दुखतात ते बहुधा आपटल्यामुळे: खाली जाताना मांड्यांवर भार घेऊन हळू टेकावं, जाड उशी मागून घ्यावी.

जेवण चार वाडग्यांत: भात, रस्सा, भाज्या, पाणी. वाडग्याचा शब्द 'बारू', त्याचं मूळ आपलं पात्र. बोलायचं नाही, आवाज करायचा नाही, घेतलेलं टाकायचं नाही. म्हणून आधीच कमी वाढून घ्यायचं. किमचीचा (आंबवलेल्या कोबीचा) किंवा मुळ्याच्या लोणच्याचा एक तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवायचा. त्याने गरम पाण्यात वाडगे पुसून ते पाणी प्यायचं, तुकडा खायचा. शेवटचं स्वच्छ पाणी सगळ्यांचं एका भांड्यात जमा होतं आणि त्यात शीतसुद्धा दिसता कामा नये. नवख्यांची पंचाईत इथेच होते: तिखटाचा एखादा कण राहिला की ते पाणी परत येतं.

शाकाहार खरा आहे, आणि आपल्या चातुर्मासापेक्षा कडक. मांस-मासे नाहीतच, शिवाय पाच उग्र वनस्पती वर्ज्य (ओसिन्छे): लसूण, पातीचा कांदा, रानकांदा, बूछू (लसणाच्या पातीसारखी भाजी) आणि ह्युंगॉ. हे ह्युंगॉ म्हणजे हिंगू, आपला हिंग! कोरियात हिंग उगवत नाही, स्वयंपाकात नाही, तरी भारतातून ग्रंथांबरोबर आलेल्या यादीत त्याचं नाव राहिलं. काही जण त्या जागी साधा कांदा धरतात. म्हणजे कांदा-लसूण सोडून हिंग चालवणाऱ्या मराठी सोवळ्यापेक्षा ही यादी एक पाऊल पुढे आहे.

बाहेरच्या 'भाजीच्या' जेवणाचं मात्र तसं नाही. साध्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं. त्वेन्जांगच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्शाचा पाया बहुतेक वेळा सुक्या छोट्या मासळीचा (म्यॉल्छी), पालेभाजीतही कधी मासळीचा सॉस. 'गोगी नको' म्हटलं तर लोक फक्त मांसाचे तुकडे काढतात. नेमकं विचारायचं: म्यॉल्छीचं पाणी आहे का, जॉत्काल (खारवलेली मासळी-कोळंबी) आहे का, ॲक्जॉत (मासळीचा सॉस) आहे का. मंदिराच्या जेवणाला साछाल-उम्सिक म्हणतात, हा शब्द पाठ करावा.

---

तळटीप

उशिरा येतोय. वरचं सगळं वाचून असं वाटू शकतं की कोरियातली प्रत्येक रीत दोनातल्या एका खणात बसते. थोडं सावध राहायला हवं.

२०१५ च्या जनगणनेत ५६ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं सांगितलं. प्रोटेस्टंट जवळजवळ २० टक्के, बौद्ध साडेपंधरा, कॅथलिक आठ. धर्म म्हणून कन्फ्यूशियस सांगणारे अर्धा टक्कासुद्धा नाहीत. तरी वयाचा मान सगळ्यांत आहे, दंडवत आणि पितरांचं ताटही बऱ्याच घरांत आहे. कन्फ्यूशियसला कुणी धर्म म्हणून निवडत नाही, तो घरात वागण्याची पद्धत म्हणून येतो. कॅथलिकांचा तर यावरून जीव गेलाय: १७९१ मध्ये युन जी-छुंग यांनी पूर्वजांच्या नावपट्ट्या जाळल्या म्हणून त्यांना देहदंड झाला. रोमने जेसाला मोकळीक दिली ती १९३९ साली.

काही गोष्टी जुन्या वाटतात, पण नाहीत. मयताला शोककर्त्याच्या दंडावरची पट्टी १९३४ च्या जपानी वसाहती नियमांतून आली. जुन्या कन्फ्यूशियन रीतीत शोक महिने-वर्षं चाले. घरगुती विधी आखडून बसवण्याचा कायदा पुन्हा १९६९ साली झाला. कचेरीतला साहेबापुढचा कडकपणा निम्मा तरी सक्तीच्या लष्करी सेवेतून आलेला आहे, तो सगळा कन्फ्यूशियसच्या नावावर टाकू नये. दहन तर सरळ उलट गेलं: कन्फ्यूशियन राज्याने बौद्ध दहन बंद पाडून दफन आणलं, आणि २००५ मध्ये दहनाने पन्नास टक्क्यांची रेषा परत ओलांडली. आज दहातले नऊहून अधिक दहनच. कारण मुख्यतः जागेची टंचाई.

आता छुसोकच्या टेबलाबद्दल. सोनटक्का यांनी दिलेली पाच ओळींची मांडणी घरोघर हीच सांगतात, पण ती ग्रंथात जशीच्या तशी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सोंग्ग्युनग्वान, म्हणजे १३९८ पासून सोलमध्ये उभी असलेली कन्फ्यूशियन विद्यापीठाची संस्था, हिच्या विधी-समितीने स्पष्ट सांगितलं की छारयेला सोंगप्यॉन, पालेभाजी, भाजलेलं मांस, किमची, फळं आणि मद्य एवढं पुरे. फार तर नऊ पदार्थ. तेलात तळलेलं ठेवायची गरज नाही. 'लाल फळ पूर्वेला, पांढरं पश्चिमेला' याला जुन्या विधिग्रंथांत आधार नाही, फळं सोयीने ठेवा.

हे सांगायला उशीर झाला असं माझं ठाम मत आहे. जॉन तळत आदला अख्खा दिवस चुलीपुढे बसते ती सून, आणि पूजा असते तिच्या नवऱ्याच्या पूर्वजांची. जुन्या घरांत दंडवतालाही तिला पुढे घेत नाहीत. सणानंतर बायकांना होणाऱ्या त्रासाला तिकडे म्यॉंग्जॉल-जुंगहुगुन, 'सणाचा आजार', असं नावच आहे. कायदाही सावकाश बदलला. घराचा प्रमुख पुरुषच, ही नोंदणीपद्धत २००५ च्या निकालानंतर १ जानेवारी २००८ पासून गेली. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या लोकांच्या लग्नावरची बंदी, आपल्या सगोत्र विवाहबंदीसारखी, घटना न्यायालयाने १९९७ मध्ये थांबवली. २००५ पासून फक्त आठ 'छोन'पर्यंतचं नातं वर्ज्य.

छोन म्हणजे नात्यातल्या पायऱ्या. आई-बाप एक, भावंडं दोन (तुमच्यापासून बापापर्यंत एक, बापापासून भावापर्यंत एक), काका तीन, चुलत भावंड चार. काकाला हाकही 'साम्छोन' म्हणजे 'तीन छोन'. नवरा-बायको शून्य.

पहिल्याच भेटीत वय विचारतात त्याने बिचकू नका. क्रियापद कुठलं लावायचं हे वयावरून ठरतं, आपल्या तू-तुम्हीपेक्षा बारीक पायऱ्यांनी. जून २०२३ पासून बहुतेक सरकारी कामांत आपल्यासारखंच पूर्ण झालेलं वय धरतात, पण गप्पांत गोंधळ होतो. म्हणून वय न सांगता जन्मसाल सांगावं. समोरचा वयाने मोठा असो की लहान, पहिले काही आठवडे आदरार्थी रूपच वापरावं. ते खाली उतरवायचं आमंत्रण मोठ्याकडून यावं लागतं.

---

रानजाई

तळटीप, जन्मसालाचं फार कामाचं. शेवटचं एक: मयताला जाता आलंच नाही, तर पैसे नंतर दिले तर चालतात का?

---

गारगोटी

चालतात. सहकाऱ्यांपैकी जो जाणार असेल त्याच्याकडे आपल्या नावाचं वेगळं पाकीट द्यावं, ही सर्वांत रुळलेली रीत. आजकाल मृत्यूच्या निरोपातच बँक खात्याचा क्रमांक असतो, तिथे भरताना पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव आणि कंपनीतला विभाग दोन्ही लिहावं. ते घर नावांची यादी जपून ठेवतं आणि पुढे तुमच्या घरी प्रसंग आला की तेवढीच रक्कम परत येते. नाव अर्धवट लिहिलं तर शोककर्ता नंतर कुणाचे आभार मानायचे ते शोधत बसतो. शक्यतो तो कामावर परतण्याआधीच पाकीट पोचतं करावं. नंतरच्या भेटीत दोन्ही हातांत हात घेऊन वाकावं, तेवढं पुरतं.